साखवाळ ते कोलंबो : एका विद्यार्थ्याची लांबची वाट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेलापूर येथील भाषण)



प्रवरेच्या काठावरील आपल्या बेलापुरातून शिक्षणासाठी बाहेर पडणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. श्रीरामपुरातील ज्या स्थानकाला आजही बेलापूर हेच नाव आहे, त्या स्थानकावरून कित्येक मुले पुण्याला गेली. त्यांच्यापुढच्या पिढीतील मुले आता मुंबईच्या विमानतळावरून थेट अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला आणि जर्मनीला जातात. प्रवेशपत्र हाती असते, बँकेचे कर्ज मंजूर झालेले असते, तिकडे उतरवून घ्यायला कोणी तरी येणार असते. रात्री निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावर आईला आपली खोली दाखवितो. ही सोय आनंदाचीच आहे. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना, ज्या विद्यार्थ्याजवळ यापैकी काहीही नव्हते अशा एका मराठी विद्यार्थ्याच्या प्रवासाचे स्मरण करणे उचित ठरेल. त्या विद्यार्थ्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

समुद्रप्रवास हा आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. ओळीच्या दिवसांत श्रीपाल-मयणासुंदरीची कथा ऐकणाऱ्यांना धवल शेठची जहाजे चांगली ठाऊक आहेत. तथापि एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडणे हा समाजाच्या दृष्टीने अपराध होऊन बसला होता. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा परत आल्यावर बहिष्कार पडेल काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना जाहीर सभेत द्यावे लागले. आचार्य आत्मारामजी महाराजांचे प्रतिनिधी म्हणून वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले. आचार्यांना साधुधर्माच्या मर्यादेमुळे जाता येत नव्हते. जैन धर्माचा आवाज परदेशी पोहोचविणाऱ्या या विद्वान श्रावकालाही समुद्र ओलांडल्याबद्दल स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. कोसंबी घराबाहेर पडले ते याच काळात.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, परिस्थिती बेताची, प्रकृती नाजूक आणि शाळेतील शिक्षण अगदी जुजबी. ना मॅट्रिक, ना इंग्रजीचा पाया. पंधराव्या वर्षाच्या सुमारास विवाह होऊन संसाराचा भार खांद्यावर आला. वरवर पाहता हा मुलगा नारळीच्या बागा सांभाळीत आयुष्य काढील, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु 'बालबोधमेवा' या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी गौतम बुद्धांविषयी एक लेख वाचला, आणि त्या लेखाने त्यांच्या मनात घर केले. पुढे बुद्धांचे एक मराठी चरित्र हाती आले. ते वाचून ज्ञानाची तहान भागण्याऐवजी वाढली. मूळ ग्रंथ कोणत्या भाषेत आहेत, ते कोण शिकवितो, कोठे शिकवितो, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईनात. १८९८ मध्ये वडील निवर्तले. १८९९ मध्ये माणिक नावाची कन्या जन्माला आली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा तेवीस वर्षांचा तरुण पत्नी बाळाबाई व तान्ह्या लेकीला मागे ठेवून घराबाहेर पडला.

येथे क्षणभर थांबून नकाशा डोळ्यांसमोर आणावा. साखवाळ हे मुरगाव बंदराच्या परिसरातील गाव. ज्या सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, त्यांना अखेर गुरू भेटला, ते बेट गोव्याच्या दक्षिणेला. समुद्र तर गावाच्या अंगणातच होता. परंतु आपल्याला हवे ते दक्षिणेला आहे, हे नेमकेपणाने त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून ते उत्तरेला निघाले. कोलंबोला जाण्यासाठी हा विद्यार्थी हिमालयापर्यंत जाऊन आला, आणि त्यात दोन वर्षांहून अधिक काळ गेला. आज दोन मिनिटांत जी माहिती मिळते, ती मिळवायला त्यांना दोन वर्षे आणि अर्धा हिंदुस्थान लागला.

पहिला मुक्काम पुणे. तेथे प्राच्यविद्येचे थोर पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली, प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आधार मिळाला. बौद्ध ग्रंथांकडे जायचे तर आधी संस्कृत आले पाहिजे, म्हणून संस्कृताचा अभ्यास सुरू झाला. पुढे उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर, प्रयाग असे मुक्काम करीत १९०० च्या सुमारास ते काशीला पोहोचले.

काशीतील दिवस फार कष्टाचे होते. गंगाधरशास्त्री तेलंग आणि नागेश्वरपंत धर्माधिकारी यांच्याकडे अध्ययन चाले, आणि पोटासाठी अन्नछत्राचा आश्रय होता. ज्या काळी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे नव्हती, शिष्यवृत्त्या नव्हत्या, त्या काळी कोणा अनामिक दात्याने चालविलेल्या अन्नछत्रातील दोन घासांवर असे अनेक विद्यार्थी पंडित झाले. आपल्या समाजात विद्यादान आणि अन्नदान ही दोन पुण्ये वेगळी मानली जातात. काशीच्या अन्नछत्रात ती एकच होती. तशातच काशीत प्लेगची साथ आली. त्या कठीण काळात दुर्गानाथ नावाचा एक नेपाळी सहाध्यायी त्यांच्या मदतीला आला.

याच दुर्गानाथाबरोबर १९०२ च्या आरंभी कोसंबी नेपाळला गेले. बुद्धांची जन्मभूमी ज्या राज्यात आहे, तेथे बुद्धांची विद्याही असेल, ही त्यांची अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांना मोठी निराशा झाली. ज्या विद्येसाठी घरदार सोडले, ती विद्या तेथे नव्हती.

मित्रहो, या प्रवासातील खरा परीक्षेचा प्रसंग हाच होय. समुद्रातील वादळ, उपासमार, आजार यांची वर्णने प्रवासकथांत पुष्कळ सापडतात. परंतु मोठ्या कष्टाने जेथे पोहोचलो तेथे आपल्याला हवे ते नाही, हे कळण्याचा क्षण अधिक अवघड असतो. परत फिरावे तर लोक हसतील, पुढे जावे तर पुढचे ठिकाण ठाऊक नाही. कोसंबींच्या जागी दुसरा कोणी असता तर काशीतच स्थिरावून संस्कृताचा शास्त्री झाला असता. त्यात कमीपणा काहीच नव्हता, चार माणसांत मान मिळाला असता. पण आपण कशासाठी निघालो हे त्यांना पक्के ठाऊक होते. ठिकाण चुकले होते, हेतू चुकला नव्हता. त्यामुळे त्यांनी फक्त दिशा बदलली.

नेपाळहून ते बुद्धगयेला आणि तेथून कलकत्त्याला आले. अनागारिक धर्मपालांनी १८९१ मध्ये स्थापन केलेल्या महाबोधी सभेच्या मंडळींशी त्यांचा संबंध आला. पाली भाषा आणि त्रिपिटक शिकायचे तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे, ही दिशा आता निश्चित झाली. कलकत्त्याहून मद्रास आणि मद्रासहून कोलंबो असा पुढचा प्रवास घडला. त्या काळी इकडून सिंहलद्वीपाला जाणारे उतारू सामान्यतः दक्षिण टोकाच्या तुतिकोरीन बंदरातून आगबोटीने जात. धनुष्कोडीचा जवळचा मार्ग १९१४ मध्ये, म्हणजे पुष्कळ नंतर, सुरू झाला. सागराचे अंतर तसे थोडेच होते. लांब होती ती समुद्रकाठापर्यंतची वाट.

१९०२ मध्ये धर्मानंद कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात दाखल झाले. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेली ही संस्था पाली विद्येचे मोठे केंद्र होते. महास्थविरांचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. त्यांच्या चरणांशी बसून पंचवीस वर्षांच्या या मराठी विद्यार्थ्याने पालीचा श्रीगणेशा केला. त्याच वर्षी श्रामणेर दीक्षाही घेतली. ग्रंथ सिंहली लिपीत होते. ती लिपी शिकावी लागली. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तेथे ब्रह्मी लोकांची लिपी शिकले. भारतात बोललेली वाणी भारताबाहेरच्या अक्षरांतून वाचण्याची वेळ भारताच्या विद्यार्थ्यावर यावी, यातील खंत वेगळी सांगायला नको. पूर्वजांचे धन आपल्या घरी न राहता शेजाऱ्याने जपून ठेवावे, आणि ते पाहण्यासाठी आपण त्याच्या दारी जावे, तशातला हा प्रकार होता.

असा सुमारे सात वर्षांचा काळ परमुलखात काढून १९०६ मध्ये ते कलकत्त्यास आले, चीवर उतरवून पुन्हा गृहस्थवेष घेतला आणि तेथे पालीचे अध्यापन सुरू केले. मग गोव्याला जाऊन कुटुंबाची भेट घेतली. ज्या लेकीला पाळण्यात सोडून गेले होते, ती तेव्हा सात वर्षांची झाली होती.

आता या जमाखर्चाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. वहीत जमेच्या पानासमोर नावेचे पान असतेच. धर्मानंदांनी विद्या जमा केली. तिची किंमत कोणाच्या नावे पडली? ती बाळाबाईंच्या नावे पडली. पती कोठे आहे, कधी येईल, येईल की नाही, याची शाश्वती नसताना त्या माउलीने सात वर्षे काढली. चरित्रकार प्रवाशाचे मुक्काम मोजतात. घरी राहिलेल्यांचे दिवस कोणी मोजत नाही. धर्मानंदांचे करणे योग्य होते की अयोग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. संसारी माणसाने तान्हे मूल टाकून जाणे आपल्यापैकी अनेकांना पटणार नाही, आणि न पटण्यात गैर काही नाही. परंतु एवढे निश्चित की, कोणत्याही विद्यार्थ्याचा दूरचा प्रवास एकट्याचा कधीच नसतो. मुलगा परदेशी जातो तेव्हा वडिलांच्या दुकानातील एक जागा रिकामी होते, आईच्या ताटासमोरची एक जागा रिकामी होते, आणि कित्येकदा धाकट्या बहिणीचे शिक्षण एक वर्ष पुढे ढकलले जाते. हे ऋण पैशांच्या कर्जापेक्षा मोठे असते, आणि बँक त्याचा हप्ता मागत नाही म्हणून ते विसरणे फार सोपे असते.

धर्मानंद हे ऋण विसरले नाहीत, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणता येते. ज्ञान मिळाले, कलकत्त्यात चांगल्या वेतनाचे स्थान मिळाले. परंतु जे आपण मिळविले ते महाराष्ट्रात नेले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे यासाठी दरमहा ५० रुपयांची वृत्ती देऊ केली, तेव्हा १९०८ मध्ये त्यांनी कलकत्त्याचे अधिक वेतन सोडून ते ५० रुपये स्वीकारले. व्यवहाराच्या तराजूत हा सौदा तोट्याचा होता. पण एका मराठी मासिकातील लेखाने त्यांना घराबाहेर काढले होते. त्या मराठीचे देणे त्यांना फेडायचे होते.

त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी पुण्यात परिचय झाला, आणि 'विशुद्धिमार्ग' या थोर पाली ग्रंथाच्या संपादनकार्यासाठी १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेस गेले. पुढे आणखी तीन वेळा त्यांना हार्वर्डला जावे लागले. ज्याने शाळेचे शिक्षणही पुरे केले नव्हते, तो अमेरिकेतील नामांकित विद्यापीठात पाली ग्रंथाचा अधिकारी संपादक म्हणून बसला. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे विद्वान आणि विनोदी लेखक म्हणून घरोघरी पोहोचलेले चिं. वि. जोशी हे त्यांचे विद्यार्थी. म्हणजे १८९९ मध्ये जी विद्या शोधण्यासाठी गोवा ते नेपाळ आणि नेपाळ ते कोलंबो भटकावे लागले, ती अवघ्या बारा-तेरा वर्षांनी पुण्यात, आपल्या येथून एका दिवसाच्या अंतरावर, मराठी मुलांना शिकता येऊ लागली. १९४० मध्ये 'विशुद्धिमार्गा'चा मूळ पाली पाठ त्यांनी देवनागरी लिपीत प्रसिद्ध केला. परक्या अक्षरांतून शिकलेले त्यांनी आपल्या अक्षरांत आणून ठेवले.

ज्या माणिकला तान्हे असताना सोडून वडील गेले होते, ती १९१८ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेला गेली आणि तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली. १९०७ मध्ये जन्मलेला मुलगा दामोदर हाही त्याच वेळी गेला. हार्वर्डचा पदवीधर होऊन तो परत आला आणि गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी म्हणून जगप्रसिद्ध झाला. वडिलांनी शोधलेल्या वाटेवरून मुले चालली, आणि मुलीलाही ती वाट मोकळी झाली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे आवश्यक आहे. धर्मानंदांचे सर्व विचार जैन समाजाला रुचले असे नाही. प्राचीन काळच्या मुनींच्या आहाराविषयी, आगमांतील काही शब्दांचा अर्थ लावताना, त्यांनी जे विधान केले, त्याने समाज दुखावला गेला आणि मोठा वाद झाला. त्या विधानाशी सहमत होण्याचे बंधन कोणावर नाही. अनेक जैन पंडितांनी त्याला उत्तरेही दिली. परंतु विद्यार्थ्यांना दूर पाठविणाऱ्या पालकांनी आणि संस्थांनी यातून एक गोष्ट समजून घ्यावी. शिकायला गेलेला मुलगा परत येतो तेव्हा तो आपल्या मनासारखेच बोलेल, असा करार करता येत नाही. विद्या दिली की प्रश्न विचारण्याचा अधिकारही दिला जातो. त्याच्या मताला उत्तर द्यावे, घराचे दार मात्र बंद करू नये. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हे कठीण जाऊ नये.

आणि त्याच धर्मानंदांच्या आयुष्याची अखेर कशी झाली, तेही पाहण्याजोगे आहे. उत्तरायुष्यात त्यांचे चित्त भगवान पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माकडे ओढले गेले. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. शरीर कार्याला उपयोगी राहिले नाही, असे वाटल्यावर त्यांनी पार्श्वनाथांच्या परंपरेला अनुसरून अन्नत्यागाचा निश्चय केला. महात्मा गांधींनी त्यांना एकदा त्यापासून परावृत्त केले होते. पण शेवटी सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून जून १९४७ मध्ये शांतपणे त्यांनी देह ठेवला. बुद्धांचा शोध घेत निघालेला हा यात्रिक अखेरीस पार्श्वनाथांच्या उंबरठ्यावर विसावला. प्रवासाच्या आरंभी हे कोणाला सांगता आले असते?

आता समारोपाकडे वळू. आपल्या जिल्ह्यात आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने पाथर्डी येथे धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले, आणि खेड्यापाड्यातील मुला-मुलींना घरी बसून शास्त्राचा अभ्यास करण्याची सोय झाली. जे एकाला दूर जाऊन कष्टाने मिळवावे लागते, ते दहा जणांना जवळ मिळावे, यासाठीच संस्था असतात. शिष्यवृत्ती, वसतिगृह, ग्रंथालय ही सगळी काशीच्या त्या अन्नछत्राची आजची रूपे होत. ट्रस्टच्या पन्नास वर्षांचे मोल इमारतीच्या चौरस फुटांत मोजता येईल. पण किती मुलांची वाट दोन वर्षांनी कमी झाली, हे मोजता आले तर ते अधिक खरे ठरेल.

आणि जे विद्यार्थी आता निघणार आहेत, त्यांना एवढेच सांगणे आहे. तुमच्याजवळ पासपोर्ट आहे, पत्ता आहे, तिकीट आहे. धर्मानंदांजवळ यातले काही नव्हते. त्यांच्याजवळ फक्त 'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर होते. ते उत्तर सामानाच्या यादीत सर्वांत वर लिहा. जेथे पोहोचाल तेथे अपेक्षेप्रमाणे काही मिळाले नाही, तर खचू नका. त्यांचा नेपाळ आठवा. घरी दर आठवड्याला फोन करा, कारण बाळाबाईंना ती सोय नव्हती. आणि जे शिकाल त्यातले थोडे तरी मराठीत, आपल्या माणसांसाठी, परत पाठवा. स्वतः परत आलात तर आनंदच आहे. नाही आलात तरी विद्या परत आली पाहिजे.

बेलापूरच्या एखाद्या घरातील मुलाला किंवा मुलीला उद्या तुमच्यामुळे वाट विचारत हिंडावे लागले नाही, तर तुमचा प्रवास सफळ झाला असे समजावे.

जय जिनेन्द्र.